उशीवर बुक्क्या मारून राग जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत प्रेमात पडलेल्या मुलामुलींच्या रागावर लेख आला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण 'राग साठवू नका, उशीवर बुक्क्या मारा, ओरडा, मोकळे व्हा' हा सल्ला वाचला आणि मला रात्रभर झोप लागली नाही. माझ्या घरात हेच झालं आहे. माझा मुलगा चिडला की दारावर बुक्की मारायचा. मीही म्हणायचे, दारावर निघतोय तेवढा बरा. आमच्या मागच्या खोलीच्या दाराचं प्लाय फुटलंय, अजून तसंच आहे. दारावरून राग मोबाईलवर आला, आणि तो मोबाईल त्याचा नव्हता.

रागावरच्या दीडशेहून जास्त अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आदळआपट करून राग उतरत नाही, पळूनही फारसा उतरत नाही. श्वास संथ करणं, अंग सैल सोडणं अशा शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी उतरतो, असं त्यात आढळलं. तुमच्या तज्ज्ञांनी हे लिहायला हवं होतं.

आता माझं सांगते. गेल्या हिवाळ्यात भरताची वांगी भाजून मी ओट्याशी सोलत होते. मुलगा गॅलरीत, त्याच्या मैत्रिणीशी फोनवर. वय २१. आधी आवाज खाली होता. मग 'लोकेशन टाक', 'कोणाबरोबर आहेस', 'आत्ताच्या आत्ता फोटो पाठव'. मग दारावर बुक्की. तेवढ्यात दुसरा फोन आला, जळगावला तो ज्या दुकानात अर्धवेळ काम करतो तिथल्या मालकांचा. कसल्याशा मालावरून ते त्याला चांगलेच झापत होते, मला ओट्यापर्यंत ऐकू येत होतं. आणि हा म्हणतोय, 'हो सर. चुकलं सर. निघतोच सर.' मधे एक मिनिट गेलं असेल. हाताला वांग्याची काजळी तशीच ठेवून मी त्याच्याकडे बघत राहिले. 'काय करू मम्मी, राग आवरतच नाही,' असं तो मला नेहमी सांगायचा. मालकांपुढे आवरला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. राग येणं त्याच्या हातात नसेल, पण तो कोणावर काढायचा हे त्याला नीट कळत होतं. 'स्वभावच तापट आहे' म्हणून आपण आया हे झाकून नेतो. मीही नेलं. त्या दिवशीसुद्धा मी त्याला काही बोलले नाही, गरम भाकरी वाढली.

पंधरा दिवसांनी ती मुलगी तिच्या मावशीला घेऊन दारात आली. प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल, स्क्रीनचा नुसता चुरा, सोबत दुकानदाराने लिहून दिलेला ४,२०० रुपयांचा अंदाज. मावशी बोलत होती. मुलगी कुर्त्याची बाही सारखी मनगटापर्यंत ओढत होती. पाणी दिलं तेव्हा हळूच म्हणाली, 'काकू, माझंच चुकलं, मी फोन उशिरा उचलला.' तिला असं वाटायला लावलं ते माझ्या पोऱ्याने. ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

मुलाला घेऊन मी त्याच्या कॉलेजात गेले. 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी, खाली कुलूप. शिपायाने उघडून दाखवलं तर आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि मोडका कूलर. गुरुवारी या म्हणाले. गुरुवारीही कुलूपच. भुसावळहून दोन खेपा झाल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या किती कॉलेजांत ती खोली खरोखर उघडी असते, हे तुमच्या वार्ताहरांनी एकदा फिरून बघावं, ही कळकळीची विनंती.

शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावला. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पहिल्यांदा मुलाने फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा चाळीस मिनिटं बोलला. राग चढायच्या आधी अंगात काय होतं, असं त्यांनी विचारलं. कान गरम होतात, दात आवळले जातात, हे त्याला तेव्हाच उमगलं. तिथेच थांबायचं. 'मी चिडलोय, साडेनऊला फोन करतो' असं सांगून ठेवायचं आणि साडेनऊला खरंच करायचा. न सांगता फोन बंद करून समोरच्याला ताटकळत ठेवणं हीसुद्धा शिक्षाच असते. मधल्या वेळात जुने मेसेज उकरायचे नाहीत. उकरले की उतरलेला राग परत चढतो.

त्या मुलीने संबंध तोडले. बरं केलं. हा 'एकदाच मनवून येतो' म्हणून चपला घालत होता तेव्हा मी दार अडवलं. मुलीने स्पष्ट नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरला तरी ३ वर्षांपर्यंत कैद. तुमच्या लेखात मुलींना २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार घ्या म्हटलंय. तो एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या नात्यांसाठी आहे. आईबापांकडे राहून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग? तिने तो वाचून धीर धरला आणि पुढे तिला हात हलवत परतावं लागलं तर?

आणखी एक, राहवत नाही म्हणून लिहिते. परवाच तुमच्याच पान ३ वर 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला' असा मथळा होता. हल्ला लिहा, प्रेम कशाला लिहिता? माझ्या मुलानेही हाच शब्द वापरला होता, 'प्रेम आहे म्हणून तर राग येतो.' हे तो कुठून शिकला असेल?

लेखाखाली मदतीचा एकही नंबर नव्हता. पुढच्या रविवारी १४४१६, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२, हे तीन आकडे मोठ्या टाइपात, चौकटीत छापा.

आपली,
एक वाचक, भुसावळ
(त्या मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून कृपया नाव छापू नये.)