‘अ‍ॅमस्टरडॅम बाय नाइट’ : महिला प्रवाशांना वगळल्याबद्दल तक्रार

गंगापूर रोड, नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सहल विभाग

विषय : पैसे भरूनही रात्रीचा कार्यक्रम न दाखवल्याबद्दल व टूर मॅनेजरच्या वागणुकीबद्दल

महोदय,

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझ्या जाऊबाई आपल्या युरोप सहलीला आलो होतो. विमान, हॉटेल, जेवण यांबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती अ‍ॅमस्टरडॅमच्या पहिल्या संध्याकाळची.

कार्यक्रमपत्रिकेत ‘कालव्यातून बोटीची फेरी व रात्रीच्या जुन्या शहरात पायी फेरफटका’ असं छापलं आहे. त्याचे माणशी ६० युरो आम्ही वेगळे भरले. पावतीची प्रत सोबत आहे. बोट झाली. मग बसमध्ये मॅनेजरने माइकवरून सांगितलं, ‘लेडीज हॉटेलवर, जेंट्स माझ्याबरोबर. पुढचा एरिया फॅमिलीसाठी नाही. इथे सगळं चालतं.’ कुणाला विचारलं नाही. तिथे मेमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. आम्ही अकरा जणी साडेआठलाच खोल्यांमध्ये खिचडीचे डबे उघडून बसलो होतो. मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. जाऊबाईंनी तरुणपणी वैधव्य आल्यावर दोन मुलं एकटीने वाढवली. आम्ही काय पाहायचं, हे मॅनेजरने कोणत्या अधिकाराने ठरवलं?

त्याहून वाईट सकाळी घडलं. नाश्त्याला बसलो असताना सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मॅनेजरने स्वतः फोटो टाकले. तिथे वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायका लाल दिव्याच्या खिडक्यांमध्ये बसतात. एका फोटोत अशा खिडकीतली मुलगी पंजा आडवा धरून तोंड लपवते आहे. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्या खिडक्यांमधल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत, हे तिथे लहान मुलालाही ठाऊक आहे. आणि खिडक्यांसमोरून गाइडने पर्यटकांचा गट न्यायला शहराने २०२० पासून बंदी घातली आहे. म्हणजे आपल्या माणसाने आमच्या पैशांतून नियम मोडला.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघी ट्रामने डाम चौकात उतरलो आणि विचारत विचारत गेलो. औडे केर्क हे शहरातलं सगळ्यात जुनं चर्च, चौदाव्या शतकातलं, आणि त्याच्या भिंतीपासून चार पावलांवर त्या खिडक्या. चर्चसमोर दारात उभ्या असलेल्या बाईचा ब्राँझचा पुतळा आहे, २००७ साली बसवलेला. जगभरातल्या अशा बायकांचा मान राखा, असं त्याच्या पाटीवर लिहिलं आहे. जाऊबाई तिथे बराच वेळ थांबल्या. एका खिडकीत बाई स्टुलावर बसून वाडग्यातलं काहीतरी खात होती. आमच्यामागून पोरांचं टोळकं ओरडत आलं, तशी तिने चमचा ठेवला आणि पडदा ओढून घेतला. आम्हीही नजर वळवून पुढे निघालो.

गांजाचा वास येत होता. कुंभात साधुग्रामावरून गेलेल्या नाशिककराला तो नवा नाही. पण ‘कॉफीशॉप’ म्हणजे गांजाचं दुकान, कॉफी हवी तर कॅफेत जायचं, एवढंसुद्धा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कायद्याने गांजा तिथेही निषिद्धच आहे. ठरावीक दुकानांत एका ग्राहकाला पाच ग्रॅमपर्यंत विकला तर सरकार कारवाई करत नाही, आणि त्या वस्तीत रस्त्यावर ओढायला २०२३ पासून मनाई आहे. कुंटणखान्यांवरची बंदी २००० साली उठली, त्यासोबत परवाने, तपासण्या, कर हे सगळं आलं. ‘सगळं चालतं’ हे धादांत खोटं आहे. जे चालतं त्यालाच तिथे नियम जास्त आहेत, आणि ते समजावून सांगणारा माणूस मिळावा म्हणूनच आम्ही ६० युरो भरले होते. पुरुषांना तरी काय मिळालं? खिडकीतल्या बायकांकडे घोळक्याने बघत फिरणं. माझ्या भाच्याच्या वयाचा एक मुलगा सहलीत होता, तो दिवसभर मान खाली घालून होता.

माझ्या मागण्या अशा. बोटीचं भाडं वजा करून उरलेली रक्कम अकराही जणींना परत द्यावी. ते फोटो ग्रुपवरून काढून टाकावेत आणि मॅनेजरच्या फोनमधूनही पुसायला लावावेत. मॅनेजरने सर्व प्रवाशांची लेखी माफी मागावी. यापुढे कोणत्याही सहलीत बायकांना न विचारता हॉटेलवर पाठवलं जाणार नाही, असं मला लेखी कळवावं. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन. बाकीच्या नऊ जणींनी या पत्राच्या प्रतीवर सह्या केल्या आहेत.

आपली,
(सही)
सोबत : पावतीची प्रत, कार्यक्रमपत्रिकेचं पान, सह्यांची प्रत