आईला तिच्या गोळ्या शिकवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते चालेल की नाही हे विचारायचं राहून गेलं. पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आईसाठी तुम्ही जे केलंत त्याची नोंद बिलात नाही, डिस्चार्ज कार्डावरही नाही. आज आईची तब्येत सावरली आहे, त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

आईचं हृदय कमजोर, ठोके अनियमित. म्हणून रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत यासाठी वॉरफरिन, अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी फ्युरोसेमाइड, बीपी उतरवून हृदयावरचा ताण कमी करणारी एनालाप्रिल, आणि रक्त कमी असल्यामुळे लोहाची गोळी. या औषधांचे दुष्परिणाम मोबाइलवर वाचायला बसलं की धडकी भरते. आई तर मला हळूच म्हणालीही होती, 'घरी गेल्यावर यातल्या दोन-तीन कमी करू.' किती पेशंट असंच करत असतील, कोणाला न सांगता! तुम्ही तिला 'काही होत नाही मावशी' म्हणून गप्प बसवलं नाहीत. काय होऊ शकतं ते सरळ सांगितलंत. कशाकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, काय झालं की फोन करायचा आणि काय झालं की सगळं सोडून दवाखाना गाठायचा, हेही सांगितलंत. तिची भीती त्याने गेली.

शिवाय हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी एकदम अंगावर ओतलं नाहीत. हातावरचा पट्टा बघून, नाव विचारून गोळी द्यायचात आणि त्या गोळीबद्दल एकच गोष्ट सांगायचात. दुसऱ्या वेळी आधीची विचारायचात, मग पुढची. लघवीची गोळी सकाळी घ्यायची, म्हणजे रात्री उठबस होत नाही. या गोळ्यांनी बीपी उतरू शकतं, म्हणून उठताना आधी पलंगाच्या कडेला जरा बसायचं. आणि तोल जाऊन डोक्याला लागलंच, तर वरून रक्त दिसत नसलं तरी लगेच यायचं, कारण वॉरफरिन चालू असताना आत रक्तस्राव झाला तर तो सहज थांबत नाही. प्रत्येक गोळीची वेगळी यादी कोणीही वाचून दाखवेल. एका गोळीची चक्कर दुसऱ्या गोळीमुळे किती महागात पडू शकते, हे जोडून दाखवायला ते ज्ञान अंगात मुरलेलं लागतं.

तुम्ही आईला विचारलंत, 'मावशी, गुडघे दुखले की काय घेता?' डॉक्टरांच्या कागदावर जी गोळी नव्हती, ती या प्रश्नातून बाहेर आली. दुखलं की आई घरातली वेदनाशामक गोळी घ्यायची, कधी आयबुप्रोफेन, कधी डायक्लोफेनॅक. तिला ते औषध वाटतच नव्हतं, म्हणून तिने कोणाला सांगितलंही नव्हतं. वॉरफरिनबरोबर या गोळीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, अंगात पाणी साठून हृदयावर ताण येतो आणि फ्युरोसेमाइड आणि एनालाप्रिलच्या जोडीने मूत्रपिंडालाही धोका होतो, हे तुम्ही तिला समजेल अशा शब्दांत सांगितलंत. आणि नुसतं 'घेऊ नका' म्हणून थांबला नाहीत. गुडघे तर दुखणारच, मग त्यावर काय घ्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून आणलंत. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं आणि एनालाप्रिलवर ते रक्तात वाढू शकतं, हेसुद्धा मला तुमच्याकडूनच कळलं. मी तेच मीठ आणायच्या विचारात होते.

मग तुमचं ते 'आता तुम्ही मला शिकवा.' 'मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू दे,' असं तुम्ही म्हणालात, त्यामुळे आईला परीक्षेसारखं वाटलं नाही. ती आपल्या भाषेत सांगत गेली. शौच काळी झाली तर? 'ती लोहाच्या गोळीने होते, घाबरायचं नाही,' आई ठामपणे म्हणाली. तिथे तुम्ही थांबलात. लोहाने शौच काळपट होते हे खरंच, पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी शौच म्हणजे पोटात रक्तस्राव असू शकतो. वॉरफरिन घेणाऱ्याने तो फरक घरी ठरवत बसायचं नाही, लगेच कळवायचं. आईला पुन्हा म्हणायला लावलंत. तुम्ही फक्त 'समजलं ना?' विचारलं असतं, तर आईने मान हलवली असती आणि तो गैरसमज तिच्यासोबत घरी आला असता.

एकदा मी पालेभाजीबद्दल विचारलं. बंद करायची नाही, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं, कारण त्यातल्या के जीवनसत्त्वाने आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, हलतो, हे तुम्ही लगेच सांगितलंत. आईचा आयएनआर 2 ते 3 मध्ये राहायला हवा, हेही. पण तिच्या जुन्या काढ्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणालात, 'थांबा, विचारून सांगते.' आणि फार्मासिस्टना विचारून खरंच परत आलात. तुमच्यावर माझा विश्वास बसला तो तेव्हा.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी आईला कोरडा खोकला लागला. मी सिरप आणायला निघाले होते. आई म्हणाली, 'थांब, सिस्टरनी सांगितलं होतं, हा एनालाप्रिलचा असू शकतो.' मग तिने तुमचेच प्रश्न स्वतःला विचारले. आडवं पडल्यावर वाढतो का? धाप लागते का? पायावर सूज? वजन एका दिवसात किलोभराहून किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढलंय का? ओठ, जीभ सुजलीय का? सगळ्याचं उत्तर नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद न करता तिने फोन केला. डॉक्टरांनी तपासून एनालाप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन सुरू केलं आणि हळूहळू खोकला गेला.

तुमच्याकडे तेव्हा किती खाटा होत्या ते मी पाहत होते. वॉर्डाचा कारभार पाहणाऱ्यांनी हे वाचलं तर एवढंच सांगते: सिस्टरना हे शिकवायला वेळ मिळाला पाहिजे, ड्यूटी संपल्यावर थांबून नव्हे, ड्यूटीतच. आणि नव्याने येणाऱ्या सिस्टरना काही दिवस तुमच्या सोबत औषधांच्या फेरीला उभं करा.

आईने निरोप दिलाय: वजन रोज वहीत लिहितेय, आयएनआर गेल्या वेळी 2.4 आला, गुडघ्याची जुनी गोळी घरातून काढून टाकली आहे. तिचे आणि माझे मनापासून आभार स्वीकारा.

तुमची,
एका पेशंटची मुलगी