घरी सोडण्यापूर्वी बेरा या श्रवणचाचणीचा आग्रह धरणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

न्यूमोकोकस या जिवाणूमुळे झालेल्या मेंदूज्वरातून आमची आठ महिन्यांची मुलगी वाचली, तेव्हा आम्हा सर्वांचे डोळे फक्त घरी जाण्याकडे लागले होते. ताप उतरला होता, ती पुन्हा दूध पिऊ लागली होती आणि जन्मानंतरची श्रवणचाचणी निर्दोष असल्यामुळे कानांचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. अशा वेळी आपण खाटेजवळ येऊन विचारलेत, "आजाराआधी ही आधाराशिवाय बसत होती ना?" बसत होती. आता मात्र बसवले की एका बाजूला कलंडत होती, मानही डगमगत होती, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण त्याला अशक्तपणा म्हणत होता. तोल सांभाळणारी आणि ऐकण्याची इंद्रिये आतल्या कानात एकमेकांना लागूनच असतात, त्यामुळे एकाला इजा झाल्याची शंका असेल तर दुसरे तपासल्याशिवाय बाळाला सोडू नये, असे आपण ठामपणे सांगितलेत. त्या एका प्रश्नाबद्दल आपले आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

ती झोपेत असताना तिच्या कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवून आपण बेरा केलीत. आवाज वाढवत नेला तरी पडद्यावर अपेक्षित लाटा उमटल्या नाहीत, एकाही कानाच्या नाहीत. मग आपण पाठकोऱ्या कागदावर गोगलगायीच्या शंखासारखा कोक्लिया, म्हणजे आतल्या कानातला ऐकण्याचा भाग, काढलात आणि त्याच्या पहिल्या वेटोळ्यात पेनाने रेघोट्या मारल्यात. मेंदूभोवतीच्या द्रवातून संसर्ग इथे उतरतो, सूज येते, आणि ती भरून येताना पोकळीत आधी तंतू व मग हाड तयार होऊ लागते. काही मुलांत ही सुरुवात थोड्याच आठवड्यांत होते आणि एकदा पोकळी बुजली की कोक्लियर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवून श्रवणनसेला विजेचे संकेत देणाऱ्या यंत्राची, इलेक्ट्रोडची तार पूर्ण आत सरकत नाही, हे आपण तेव्हा समजावलेत. श्रवणयंत्र लावून सहा महिने वाट पाहा, असा सल्ला आम्हाला दुसरीकडे मिळाला होता. आपण मात्र लगेच एमआरआय करायला लावलात, आणि त्यात उजव्या कानातील द्रवाचा एक भाग दिसेनासा होऊ लागल्याचे आढळले.

खर्चाचा आकडा ऐकून माझ्या यजमानांनी आधी एकाच कानाचे इम्प्लांट करावे का, असे विचारले, तेव्हा बुजू लागलेला कान पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत आणि धर्मादाय संस्थांचे अर्ज स्वतः बसून भरून घेतलेत. दोन्ही कानांची शस्त्रक्रिया एकाच वेळी झाली. उजव्या कानात शल्यचिकित्सकांना सुरुवातीचा भाग कोरून वाट करावी लागली, तरी सर्व इलेक्ट्रोड आत बसले.

इम्प्लांटचे यंत्र सुरू केले त्या दिवशी ती हसली नाही, दचकून रडली. हे रडणे म्हणजे आवाज पोहोचल्याची खूण आहे, असे आपण आधीच सांगून ठेवले नसते तर मी ते यंत्र तिथेच काढून घेतले असते. ऐकू येणे आणि ऐकलेले समजणे यांत बरेच अंतर असते, ते मॅपिंगने, म्हणजे यंत्राचे संकेत तिच्यासाठी जुळवून घेण्याने, आणि रोजच्या सरावाने कापावे लागते, हेही आपण लपवले नाही. आजही मी रोज सकाळी तोंडासमोर हात धरून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी काढते. 'स'ला ती अजून कधीकधी वळत नाही. 'श'ला मात्र हातातले खेळणे टाकून वळते. कॉइल, म्हणजे डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती, पुन्हा पुन्हा निघून तिच्या तोंडात जाते, म्हणून आजीने टोपड्याला कापडी कप्पे शिवले आहेत, आणि रात्री यंत्रे सिलिका जेलच्या डबीत ठेवल्याशिवाय घरातले कोणी झोपत नाही. बसायला ती पुन्हा शिकली. चालायला उशीर होईल, असे आपण म्हणाला होतात. त्याची आमच्या मनाची तयारी आहे.

एक विनंती आहे. आमच्या गावाकडच्या एका बाईंचे पाच महिन्यांचे बाळ याच आजारातून नुकतेच उठले आहे आणि बेरा न करताच त्याला घरी सोडले आहे. मी त्यांना आपला पत्ता दिला आहे. त्या सोमवारी पहिल्या एसटीने निघतील. कृपया त्यांना त्याच दिवशी तपासावे.

आपली ऋणी,
एक आई