पाडव्याची घाई करू नका

मस्कत,
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

ती. आबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आपण घ्यायची म्हणतोय त्या जुन्या पिकअपचे फोटो बापूनं पाठवले, इंजिनचा आवाजही ऐकवला. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर लिहायला घेतलं होतं, पण तिथलं लिहिलेलं चार दिवसांत वर सरकून जातं आणि ऐन वेळी सापडत नाही. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतोय. बापू, तासगावात याची प्रिंट काढून घे आणि गाडी बघायला जाताना खिशात ठेव. आज वर्कशॉपला सुट्टी आहे, खोलीतली पोरं अजून उठलेली नाहीत, त्यामुळं निवांत लिहिता येतंय.

आबा, गाडी घ्यायलाच हवी, यात माझं दुमत नाही. फेब्रुवारीत ठरवलेला टेम्पो आला नाही आणि द्राक्षांच्या भरलेल्या पेट्या दुपारपर्यंत बांधावर राहिल्या. देठ वाळले की व्यापारी दर पाडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आई त्या दिवशी फोनवर काही बोलली नाही, नुसती "जेवलास का" एवढंच दोनदा विचारलं. त्यावरून मला काय ते कळलं. यंदा माल सुरू व्हायच्या आत आपल्या दारात आपली गाडी पाहिजे.

नवीच घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत. २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, हे खरं. तरीही मोठं कर्ज काढावं लागणार, आणि द्राक्षाचं एक साल वाकडं गेलं म्हणून हप्ता थांबत नाही. जुनीच घेऊ. पण नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो. मालक दोन लाख तीस हजार सांगतोय तो जीएसटी उतरायच्या आधीचा हिशोब आहे. बोलताना हे त्याच्या कानावर घाला.

माझं मागणं एकच आहे. पाडव्याला गाडी दारात आणायची म्हणून घाई करू नका. पाडवा बारा दिवसांवर आलाय, आणि मुहूर्त गाठायला निघालेलं गिऱ्हाईक गाडीखाली वाकून बघत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. दिवाळी उलटू द्या, तुळशीचं लग्न होऊ द्या. नारळ तेव्हाही फोडता येईल.

दुसरं कारण म्हणजे गाडी कृष्णाकाठच्या सांगलीवाडीची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. सांगलीवाडीत घरांत पाणी होतं, दारातल्या गाड्या दिवसेंदिवस बुडून होत्या. २०२१ ला पुन्हा तेच. ही गाडी २०१२ ची, म्हणजे दोन्ही पूर तिच्या काळातले. मालकानं ती वेळेत उंचावर नेलीही असेल, मी त्याच्यावर आळ घेत नाही. पण बघितल्याशिवाय विसाराचे पैसेसुद्धा देऊ नका.

आता पुढचं बापूसाठी.

बापू, आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. गाडी धुणारा सीट धुतो, पट्ट्याचा आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही. तिथं मातकट रेघ दिसली तर पाणी कुठवर आलं होतं ते कळेल. मग डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचे दोन-तीन कपलर (जोड) सोडवून बघ. तांब्यावर हिरवं चढलं असेल तर ते वायरिंग तुला भर पावसात रस्त्यात उभं करणार. मागच्या हौसिंगच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या आसाच्या, ऑइलचा प्लग सोडवून बोट घाल. बोटाला चहासारखं दुधाळ ऑइल लागलं तर आत पाणी शिरलंय. प्लग उघडायला मालक नको म्हणाला तर गाडी तिथंच सोडून घरी ये.

इंजिन तू म्हणतोस तसं एका सेल्फमध्ये सुरू झालं. पण डॅशबोर्डच्या फोटोत टेंपरेचरचा काटा मध्यावर आहे. तू पोचायच्या आधी गाडी तापवून ठेवली होती. पुढच्या वेळी सकाळी सहाला जा, आदल्या दिवशी फोन न करता. बोनेटवर हात ठेव, पत्रा गार लागला पाहिजे. सुरू होताना थोडा पांढरा धूर येईल, तो मिनिटभरात गेला पाहिजे. इंजिन गरम झाल्यावरही निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय. रेस दिल्यावर येणारा काळा धूर बहुतेक डिझेल फवारणाऱ्या नोझलचा नाहीतर एअर फिल्टरचा, तो खर्च आटोक्यातला आहे. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सोडव आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेव. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडलं आणि खालून फकाफका धूर आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिनातला दाब खाली गळतोय. रिंगा-लायनर घासलेत, इंजिन बांधावं लागणार. तो खर्च किमतीतून वजा होत असेल तर बोल, नाहीतर नमस्कार करून निघ.

एक गोष्ट मला आवडली. फोटोत डिझेलचा पंप जुन्या पद्धतीचा दिसतोय, कॉम्प्युटरवर चालणारं कॉमन रेल नाही. म्हणजे बिघाड शोधायला लॅपटॉप जोडावा लागणार नाही, पाना आणि कान एवढ्यावर भागेल. घरी काम करायचं तर अशीच गाडी बरी.

इंजिनपेक्षा मला चेसिसची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची, जास्त काळजी आहे, आणि ती तू फोटोत एकदाही दाखवली नाहीस.

गेल्या महिन्यात इथल्या सीबचा एक म्हातारा मच्छीमार त्याची पिकअप घेऊन आला होता. नवा पांढरा रंग, आरशासारखा. म्हणाला, मागून घरघर आवाज येतो. लिफ्टवर घेतली आणि मी छोट्या हातोडीनं चेसिस ठोकत पुढून मागे गेलो. टण, टण, टण. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ आलो आणि आवाज बद्द झाला. स्क्रू ड्रायव्हर टेकवून तळहातानं दाबला तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तशी लाल पापुद्र्यांची मूठभर रास खाली पडली. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून तिथं गळत होतं. म्हातारा टायरवर बसला तो बराच वेळ काही बोलला नाही. रंगाचे पैसे त्यानं नुकतेच मोजले होते.

आपल्याकडं समुद्र नाही, पण खताच्या पोत्यांतून सांडलेला युरिया, पोटॅश हौद्याच्या पत्र्याखाली ओलाच राहतो आणि लोखंड तसंच खातो. म्हणून हातोडी घेऊन जा. केबिनच्या मागं, हौद्याच्या बोल्टांपाशी आणि पाट्यांच्या हँगरजवळ ठोक. चांगलं लोखंड वाजतं. बद्द आवाज आला किंवा नव्या वेल्डिंगवर ताजा काळा रंग दिसला, तर इंजिन कितीही गोड वाजू दे, ती गाडी आपली नाही. फाळके, हौदा, दरवाजे हे सगळं बदलता येतं. कुजलेल्या चेसिसवर टनभर द्राक्षं ठेवून मी तुला रस्त्यावर जाऊ देणार नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. नंबर टाकून एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर फिटनेस, विमा आणि बँकेचा बोजा बघ, थकलेली चलानंही बघ. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या आपल्यासमोर घ्या. चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघ. गाडी आपल्या नावावर झाली की विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं. पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची, गाडी आठ वर्षांवर गेली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो, तो खर्च धरून चाला. तुझ्या लायसन्सची मात्र काळजी नको. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर चालवता येते, सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या नोव्हेंबरात ते पक्कं केलंय.

गाडी पसंत पडली तर ती सरळ घरी आणा, चिंचेखाली लावा आणि काम अंगणातच काढा. पहिले साठ हजार मी या महिन्यात पाठवतो. ते ब्रेक, स्टेअरिंग आणि टायरला लागले पाहिजेत. टायरवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, इतका जुना टायर पुढं ठेवायचा नाही. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या दोन खेपांनंतर पुन्हा आवळायचे, सगळे हेच विसरतात. रंग उन्हाळ्यात, बेदाण्याचे पैसे आल्यावर. आई, तुला निळा पाहिजे ना, निळाच देऊ.

आबा, ब्रेकचं काम तुमच्याशिवाय होणार नाही. मास्टर सिलिंडरची आणि चाकांची रबरं बदलून नवं ऑइल भरलं की नळ्यांत अडकलेली एअर काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. बापू नट सोडायला खाली बसेल, पॅडलवर तुम्ही बसा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. तुमच्या टेम्पोच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. पाय पुरत नव्हता म्हणून सीटच्या कडेवर बसून दोन्ही पायांनी पॅडल दाबायचो आणि तुम्ही चाकामागून ओरडायचात, "दाब... धर... धर... सोड." नळीतून आधी बुडबुडे यायचे, मग नुसतं ऑइल. तेव्हा तुम्ही म्हणायचात, "आता दगड झालं पॅडल." इथं रोज कुणाच्या तरी गाडीची एअर काढतो, आणि मदतनीस बंगाली असो की केरळचा, माझ्या तोंडून मराठीतच येतं, "धर... धर..." आता त्यांनाही कळायला लागलंय.

तो टेम्पो माझ्या एजंटच्या आणि तिकिटाच्या पैशासाठी गेला. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण बस स्टँडवर मला सोडायला तुम्ही दुसऱ्याच्या गाडीत मागं बसून आला होता, ते मी विसरलेलो नाही. या गाडीचं पॅडल तुमच्या पायाखाली दगड झाल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नका. आणि ज्या दिवशी एअर काढाल त्या दिवशी फोन चालू करून बोनेटवर ठेवा.

आईला सांगा, जेवण वेळेवर होतंय.

तुमचा,
थोरला

ता. क. बापू, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. चेसिसखाली लाकडाचे दोन जाड ओंडके लाव, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लाव, गाडी हातानं हलवून बघ आणि मगच आत जा. विटा ठेवायच्या नाहीत, त्या वजनानं फुटतात. आबा, हे तो करतोय का ते तुम्ही उभं राहून बघा.