अगं, ती मला विचारतेय

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर रोजच बोलतो, तरी मुद्दाम लिहितेय. बाबा, फोनवरचं हल्ली तुमच्याजवळ राहत नाही. कागद राहतो, पुन्हा काढून वाचता येतो. (आई, मोठ्यानं वाचून दाखवू नकोस हं. त्यांचं त्यांना वाचू दे.)

गेल्या महिन्यात तुमच्याकडे एडिसनला आले तेव्हा तुमच्याबरोबर इन्फ्युजनला, म्हणजे अल्झायमरचं औषध शिरेतून देतात तिथे, आले होते. नर्सनं आधी वजन घेतलं, ६४ किलो. तिनं आकडा टाइप करायच्या आत तुम्ही म्हणालात, "सिक्स फॉर्टी." किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे ६४०. ती खूश झाली. मग विचारायला लागली : डोकं दुखतं का, चक्कर येते का, नजर धूसर होते का, गोंधळल्यासारखं वाटतं का? आणि प्रत्येक प्रश्नाला मीच "नो, नो". आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून उतरलेली मी! तुमचं डोकं दुखतं की नाही, हे मला काय ठाऊक? तुम्ही हळूच म्हणालात, "अगं, ती मला विचारतेय."

पुढचा तासभर सलाईन उतरत होतं आणि मी फोनमध्ये तोंड खुपसून बसले होते. ऑफिसचं काहीही नव्हतं. लाज वाटत होती.

मला वाटतं, हे मी निदान झालं त्या दिवसापासून करतेय. हे औषध, लेकॅनेमॅब, घ्यायचं म्हणून मागे मीच लागले. मेंदूत साचलेलं अमिलॉइड नावाचं प्रथिन ते काढतं, चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, हे सगळं मी एका दमात सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "२७ टक्के कशाचे?" खरा इंजिनिअरचा प्रश्न, आणि मला उत्तर येत नव्हतं. मग शोधलं : १,७९५ माणसं, १८ महिने, आणि आजार किती वाढला ते मोजणाऱ्या १८ गुणांच्या पट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात अर्ध्या गुणाहूनही कमी फरक. तुम्ही हसलात. "एवढ्यासाठी दर दोन आठवड्यांनी सुई?" दोन दिवसांनी स्वतःच म्हणालात, घेऊन बघू. तो निर्णय तुमचा होता. मी मात्र तो माझाच असल्यासारखी वागतेय.

सातव्या डोसच्या आधीच्या एमआरआयमध्ये या औषधानं कधीकधी येते ती मेंदूची सूज दिसली, तेव्हाही तसंच. तुम्हाला काही त्रास नव्हता. डॉक्टरांनी औषध थांबवलं, सूज ओसरल्यावर पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात मी दिवसातून चारदा फोन करून आईला विचारत होते, "बाबा कसे आहेत?" बाबा तिथेच, शेजारच्या खुर्चीत शब्दकोडं सोडवत बसलेले.

आई, आता तुझ्याशी भांडते. मंडळाच्या कार्यक्रमात बाबा एखादं नाव विसरले की तू पटकन वाक्य पुरं करतेस, नाहीतर "दमलेत ते" म्हणतेस. परवा त्यांनी देशपांडेकाकांना सरळ सांगितलं, "मला अल्झायमर आहे, नाव सांगा." काका दोन क्षण गांगरले, मग आपलं नाव सांगून दोघं मॅचवर बोलायला लागले. तुझाच चेहरा उतरला होता. मी तुला नावं ठेवत नाही गं. मीसुद्धा तुझीच लेक.

तर बाबा, यापुढे नर्सला तुम्ही सांगायचं. आई वहीत लिहून ठेवते, ते चालू दे, कारण काही गोष्टी तुमच्या लक्षात राहणार नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. पण आधी तुम्ही बोलायचं, मग वही उघडायची. आणि १८ महिने झाले की दर चार आठवड्यांनी घ्यायचं, आहे तसंच चालू ठेवायचं की बंद करायचं, ते डॉक्टर तुम्हाला विचारतील. मी खोलीत असले तर गप्प बसेन. बंद म्हणालात तर रडेन बहुतेक, पण गप्प बसेन.

शुक्रवारी नेवार्कला पोचते. आणायला दोघंही या.

तुमची,
मनू

ता. क. : लेकॅनेमॅब चालू असल्याचं कार्ड पाठवलंय. मेंदूची सूज कधीकधी पक्षाघातासारखी दिसते. तसं समजून इमर्जन्सीत गुठळी विरघळवायचं औषध दिलं, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ते कार्ड कायम पाकिटात हवं. ठेवलंत का? आईला विचारू नका, खिशात हात घालून बघा.