फिलाडेल्फियाहून आई-बाबांना

फिलाडेल्फिया, 8 मार्च

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. खोकला गेला, ज्वारीचं पीठ अजून दोन महिने पुरेल आणि दाराला दोन कड्या आहेत. हे आधीच लिहून टाकते, कारण परवा फोनवर आईचा आवाज बसलेला होता. दादाने तुम्हाला माझी शाळा आहे त्या केन्सिंग्टन वस्तीचे व्हिडिओ दाखवायला नको होते. त्यात दिसतं ते खोटं नाही. नशेत वाकून उभी असलेली माणसं मीही रोज बघते. पण डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या गाडीच्या पुलाखालून त्याच रस्त्याने दप्तरं घेऊन मुलंही शाळेत येतात, ती व्हिडिओत नसतात. अंधार पडायच्या आत मी घरी येते. अगदी खरं.

एक गोष्ट मला महिनाभर कळलीच नव्हती. शाळेजवळच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबाला दहा-बारा कापसाची अस्वलं बांधलेली दिसायची. मला वाटलं, खेळणीवाला असेल. खाली उंच काचेच्या ग्लासांत मेणबत्त्या, वर फुगे. मग शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं, तिथे गोळी लागून एक पोरगा गेला. जिथे माणूस पडतो तिथे लोक अस्वलं आणून बांधतात, पावसात भिजू नयेत म्हणून प्लास्टिक गुंडाळतात. त्याच्या वाढदिवसाला तिथेच जमून फुगे आकाशात सोडतात. गेलेला मोठा माणूस असला तरी अस्वलच. आपल्याकडे तेरावं झालं की निदान सुतक फिटतं. इथे मुलं रोज त्या खांबावरून शाळेत येतात. शाळेत समुपदेशनासाठी माझ्याकडे येते ती सात वर्षांची मुलगी एकदा तिथे थांबली, एका अस्वलाचं सुटलेलं प्लास्टिक तिने नीट खोचलं आणि काही न बोलता माझा हात धरून चालायला लागली. तो तिचा भाऊ होता.

ती वर्गात दाराकडे पाठ करून बसत नाही. दप्तर उतरवत नाही. न्याहारीचं दूध अर्धं पिऊन उरलेला खोका दप्तरात ठेवते. 2014 पासून इथल्या सरकारी शाळांत न्याहारी आणि जेवण सगळ्यांना फुकट मिळतं, तरी ठेवते. तिची जागा मी दारासमोर करून घेतली. आगीची घंटा वाजवून बघायची असेल त्या दिवशी तिला आधी सांगून ठेवते. बाकी फक्त रोज त्याच वेळी त्याच खुर्चीत मी दिसले पाहिजे.

बाबा, तुम्ही म्हणालात, लेकरं विसरतात, त्याला शिकलेली बाई कशाला लागते? नाही हो विसरत. 1998 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी साडेनऊ हजारांहून अधिक मोठ्या माणसांच्या माहितीवरून दाखवलं की लहानपणी मारहाण, घरातलं व्यसन असं जितकं जास्त वाट्याला येतं, तितका पुढे हृदयविकाराचा आणि नैराश्याचा धोका वाढतो. आणि दादाला तर तुम्ही स्वतः बघितलंय. किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी वर्षं ट्रक गेला तरी तो अंगणात पळायचा. आई, तू बाहेर बाज टाकून पदराचं टोक त्याच्या मुठीत द्यायचीस. बाबा, सास्तूरची पोरं छताखाली बसेनात, तेव्हा तुम्ही लिंबाखाली वर्ग भरवलात, एकालाही रागावला नाहीत. मी इथे दुसरं काही करत नाही.

आता धाकटीच्या लग्नाचं. मला मे महिन्यात येता येणार नाही. शाळा जूनच्या मध्यापर्यंत असते आणि व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिकडे अडकले तर नोकरी जाईल. आणखी एक कारण आहे, ते तुम्हाला पटणार नाही. ती मुलगी दर शुक्रवारी विचारते, सोमवारी येशील ना? तिला मी हो म्हणते. धाकटीला मात्र नाही म्हणाले. ती फोनवर गप्प राहिली, ते डोक्यातून जात नाही.

दीड लाख गुरुवारी पाठवलेत. मांडववाल्याला आधी द्या. माझ्या कर्जाचा हप्ता मी भरते, आईने पाटल्या मोडायच्या नाहीत. धाकटीचं आधी का, असं काकू विचारतील, तेव्हा माझं नाव सांगा. लातूरच्या मुलाचा फोटो बघितला. चांगला वाटतो, पण त्यांना माझ्यासाठी थांबवून ठेवू नका.

हळदीच्या सकाळी फोन देवळीत उभा करून ठेवा. इकडे तेव्हा रात्र असेल. मी जागी राहीन.

तुमची,
थोरली