जाम झालेले इंजिन सोडवणाऱ्या मेस्त्रीकाकांस

आदरणीय मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या थोरल्या काकांची प्रीमियर पद्मिनी आपण पुन्हा चालती केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सर्वांसमोर लिहितो, कारण रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांच्या मांडवात अशीच एखादी गाडी मुंबईकर मालकाची वाट पाहत उभी असते.

काका गेल्यानंतर बरेच पावसाळे गाडी जागची हलली नव्हती. स्टार्टर मारा, नाहीतर जीपला बांधून ओढा, असे सांगणारे पुष्कळ भेटले. एका गॅरेजने तर बॉनेटही न उघडता बोअरिंगचा, म्हणजे सिलिंडर आतून कातून घेण्याचा, खर्च सांगून टाकला. आपण आधी चावी मागून घेतलीत आणि खिशात टाकलीत. माझ्या मते इंजिन तिथेच वाचले, कारण गंजामुळे पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असताना जोर लावला असता, तर त्या तुटल्या असत्या किंवा अडकलेल्या व्हॉल्व्हपायी ते उघडणारे पुशरॉड वाकले असते.

चारही प्लग काढून आपण बॅटरीच्या उजेडात आत दाखवलेत, तेव्हा पहिले दोन सिलिंडर जवळपास स्वच्छ होते आणि तिसऱ्या-चौथ्यात तांबूस, खरखरीत पट्टा चढलेला होता. इंजिन थांबले त्या वेळी या दोघांचे व्हॉल्व्ह उघडे राहिले, त्यामुळे एकात कार्ब्युरेटरच्या आणि दुसऱ्यात सायलेन्सरच्या वाटेने दमट हवा शिरत राहिली, तेलाचा थर ओघळून उघड्या पडलेल्या बिडाला ती लागली, हे आपण समजावलेत तेव्हा निम्मेच इंजिन का गंजले याचा उलगडा झाला.

मग डिझेल आणि पॉवर स्टीअरिंगचे पातळ तांबडे ऑइल सारख्या प्रमाणात मिसळून आपण प्लगच्या भोकांतून सोडलेत आणि अनेक दिवस ते मुरू दिलेत. क्रँक पुलीला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाला, पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे, असे करता करता इंजिन सुटले. तरी खाली उतरलेले डिझेल ऑइलमध्ये मिसळले असणार म्हणून ऑइल बदलल्याखेरीज आपण ते सुरू करू दिले नाहीत. आपल्या मजुरीपेक्षा आपला हा धीर मला मोलाचा वाटतो.

यंदा पावसाळ्याआधी सारे आपण सांगितले तसेच केले. जळलेल्या जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी राहते, म्हणून ते काढून नवे भरले. इंजिन पुरते तापवून बंद केले. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून इंजिन हाताने फिरवले, म्हणजे लोणच्यावर तेलाचा तवंग राहतो तसा भिंतींवर थर बसला. एअर क्लीनरचे आणि सायलेन्सरचे तोंड बांधून तशी चिठ्ठी स्टीअरिंगला अडकवली. रेडिएटरमधले नळाचे पाणी काढून कूलंट भरले. ताडपत्रीखाली ओल कोंडते, म्हणून सुती आच्छादन घातले. आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची शेजाऱ्यांची सूचनाही आपल्याच सांगण्यावरून नाकारली, कारण तेवढ्यात आत पाणी धरते पण ते उडून जाण्याइतके इंजिन तापत नाही.

गणपतीनंतर गाडी काढू, तेव्हा सुरुवातीला प्लग काढून साठलेले ऑइल बाहेर टाकायचे आहे. त्या दिवशी आपण यावे, ही विनंती, जेवण आमच्याकडेच.

आपला नम्र,
थोरल्या काकांचा पुतण्या